नेत्राला ऐकू येणारी शीळ

"सर, घूं गेली. पण ती बारीक शीळ अजून येतेच आहे," नेत्रा म्हणाली, आणि प्रभंजनच्या हातातला कॉफीचा लोटा ओठांशी येऊन थांबला. ही खरं तर कौतुक ऐकून घ्यायची वेळ होती. हुबळीच्या देशपांडे नगरातल्या त्या ऐसपैस हॉलमध्ये तो सकाळपासून गुडघे टेकून वायरींच्या जंजाळात बसला होता. हेमावतीबाईंच्या मुलानं, मुकुलनं, हौसेनं मोठा अॅम्प्लिफायर आणि छातीएवढे उंच स्पीकर आणले होते, आणि पहिल्या दिवसापासून त्यांतून घूं असा आवाज येत होता. गाणं लावा, नका लावू, घूं आपली चालूच. मुकुल दिवसभर अमरगोळच्या धान्यबाजारात, दुकानदाराचा माणूस येऊन खांदे उडवून गेलेला, तेव्हा कुणीतरी सुचवलं की धारवाडला गलगली सर आहेत, कॉलेजात फिजिक्स शिकवायचे, आता रिटायर झालेत, घरोघरची घूं काढतात आणि फक्त कॉफी घेतात. प्रभंजन गलगलींची पद्धत ठरलेली होती. आधी सगळ्या वायरी सोडवायच्या, नुसता अॅम्प्लिफायर आणि स्पीकर ठेवून बघायचं, मग एकेक वायर परत जोडत जायचं. टीव्हीच्या डब्याची वायर जोडल्याबरोबर घूं परत आली. टीव्ही एका भिंतीच्या बोर्डावर, अॅम्प्लिफायर समोरच्या भिंतीच्या. दोघांची अर्थिंग वेगळ्या वाटेनं जमिनीत जाणारी, आणि मधली वायर त्या दोन वाटा जोडून कडं तयार करणारी. त्या कड्यात वीज फिरत राहते आणि स्पीकर घुमत राहतो. "एका घरात दोन कारभारी झाले की कुरबूर व्हायचीच," त्यानं हेमावतीबाईंना समजावलं होतं, आणि त्या सुनेकडे, नेत्राकडे, बघून पोटभर हसल्या होत्या. त्यानं दोन्ही यंत्रं एकाच बोर्डावर आणली, घूं गेली, आणि शेवटी नेहमीप्रमाणे तंबोऱ्याचं रेकॉर्डिंग लावून सगळ्यांना डोळे मिटायला सांगितलं. हा त्याचा खास शेवट होता. धारवाडच्या माणसाला शांतता दाखवायची तर तंबोरा लावून दाखवावी, असं तो गमतीनं म्हणायचा. तंबोरा वाजला, थांबला, हेमावतीबाई "छलो आतु सर, भाळ छलो आतु" असं कानडीत, फार छान झालं म्हणून, तोंडभर म्हणाल्या, आणि तेवढ्यात नेत्रानं ही शीळ काढली.

तो उठला, वाकला, स्पीकरच्या कापडाला कान लावला. काही नाही. दुसऱ्या स्पीकरला लावला. तिथंही काही नाही. नेत्रा त्याच्याकडे बघत होती, अगदी विश्वासानं, डॉक्टरांनी पोट दाबून बघताना पेशंट बघतो तशी. "अशी... सुईसारखी," ती म्हणाली, "गाताना त्रास होतो. वरच्या षड्जावर गेले की तीच आधी ऐकू येते." प्रभंजनला त्या वेळी जे वाटलं ते नंतर त्यानं पुष्कळदा आठवून पाहिलं. भीती नव्हती ती. आपल्या घरात कुणी परका न विचारता स्वयंपाकघरापर्यंत शिरला तर जो राग येतो तसला राग होता. आणि त्या रागात उचलली जीभ लावली टाळ्याला असं झालं. "हे बघ नेत्रा," तो म्हणाला, आणि बोलताना त्याचा आवाज वर्गातला झाला, "कानाला इतके दिवस घूंची सवय लागलेली असते. घूं एकदम गेली की कान रिकामा पडतो आणि स्वतःच वाजायला लागतो. शास्त्रच आहे ते. थोड्या दिवसांत जाईल." असलं कुठलं शास्त्र नव्हतं. त्यानं ते तिथल्या तिथं, कॉफी निवायच्या आत, तयार केलं होतं, आणि ते इतकं नीटस तयार झालं की क्षणभर त्याला स्वतःलाच पटलं. हेमावतीबाईंना तर फारच पटलं. "बघ. सरांना ऐकू येत नाही, मला ऐकू येत नाही, मग तुला एकटीलाच कशी येते ग? हिचं हे हल्ली असंच चाललंय बघा सर. गायला बसली की शीळ शीळ म्हणते आणि उठते. पुढच्या महिन्यात हिच्या बाईंच्या क्लासात कार्यक्रम आहे, पहिल्यांदा चारचौघांत गाणार, त्याचं टेन्शन घेतलंय झालं." नेत्रानं रिकामे लोटे उचलले. "असेल सर," ती म्हणाली आणि आत गेली.

परतीच्या चिगरी बसमध्ये तो खिडकीशी बसला आणि ते 'असेल सर' त्याच्या शेजारच्या सीटवर बसल्यासारखं धारवाडपर्यंत सोबत आलं. तिनं वाद घातला असता तर बरं झालं असतं. त्यानं वाद जिंकला असता आणि विसरून गेला असता. कान ही त्याची लहानपणापासूनची मालमत्ता होती. वडील अळणावरला रेल्वेत होते, क्वार्टरच्या मागं लाकूड कापायची गिरणी होती, आणि दिवसभर तिथं करवत किंचाळायची. पाहुणे आले की वडील त्याला पुढं करायचे, "सांग रे, काय कापतायत?" आणि हा डोळे न उघडता सांगायचा, आता सागवान, आता मत्ती, आता ओलं आहे, आता गाठ लागली. पाहुणे मागच्या दारानं जाऊन खात्री करून यायचे आणि परत आले की ह्याच्या हातावर काहीतरी ठेवायचे. ती करवत त्याला अजून आठवत होती, दातांच्या मुळाशी जाणारी, अंगावर काटा आणणारी, आणि बस उणकलच्या तळ्यावरून जात असताना त्याच्या ध्यानात आलं की आठवतं आहे ते अंगावरच्या काट्यासकट सगळं, पण तो आवाज नेमका कसा होता ते काही केल्या ऐकू येत नाही. किंचाळीचा खालचा भाग होता, घरघरता. वरचं टोक कुणीतरी कात्रीनं कापून नेलं होतं. आठवणीतलंसुद्धा कापून नेता येतं काय, असा एक वेडा विचार त्याच्या मनात आला आणि त्यानं तो हुसकून लावला. पण मग दुसरा आला, आणि तो काही हुसकता येईना, कारण तो रातकिड्यांचा होता.

रातकिड्यांबद्दल तो भाषणं देत असे. माळमड्डीतल्या त्याच्या घरामागं पूर्वी मोकळं रान होतं, आता तिथं प्लॉट पडलेत, बंगले झालेत, आणि प्रभंजननं गेली कितीतरी वर्षं भेटेल त्याला सांगितलं होतं की धारवाडचे रातकिडे संपले. "संध्याकाळ झाली की कशी झांज वाजायची हो. आता एक नाही. सगळं सिमेंटनं खाल्लं." फिरायला जाणाऱ्या मंडळीत सांगितलं होतं, लग्नाच्या पंगतीत सांगितलं होतं, निवृत्तीच्या समारंभात माईकवर सांगितलं होतं, आणि लोकांनी माना डोलावल्या होत्या. आता त्या माना त्याला एकेक करून आठवू लागल्या. त्या माना डोलवतानाची तोंडं आठवू लागली. एकजण नुसता "काळ बदलला सर" एवढंच म्हणाला होता. दुसरा चटकन जिलेबीकडे वळला होता. एकदा घराच्या मागच्या पायरीवर, भर संध्याकाळी, त्यानं नव्या शेजाऱ्याला हेच ऐकवलं होतं, आणि शेजारी आधी त्याच्याकडे, मग अंधारलेल्या कुंपणाकडे, मग श्यामलाकडे बघत राहिला होता, आणि श्यामला, त्याची बायको, म्हणाली होती, "आत या, चहा निवतोय." म्हणजे तेव्हा कुंपणात ते वाजत होते. सगळं कुंपण वाजत होतं आणि हा त्यांचं श्राद्ध घालत उभा होता. नाचता येईना अंगण वाकडं म्हणतात, तसं ह्याला ऐकू येईना तर किडे मेले. बसमध्ये त्याच्याकडे कुणी बघत नव्हतं, तरी त्यानं रुमाल काढून तोंडावरून फिरवला आणि तो तिथंच थोडा वेळ धरून ठेवला.

घरी आल्यावर त्यानं जेवण लवकर आटोपलं आणि दुपारी खोलीचं दार लोटून आपल्या स्पीकरसमोर बसला. आवाज वर वर चढवत नेणारी एक फाइल त्याच्याकडे होती. इतरांचे स्पीकर तपासायला तो ती वापरायचा, खालच्या गुरगुरीपासून शेवटच्या टोकापर्यंत. तो डोळे मिटून ऐकू लागला. गुरगुर झाली, भ्रमर झाला, बासरी झाली, शिट्टी झाली, शिट्टी बारीक झाली, आणखी बारीक झाली, आणि संपली. लवकर संपली असं त्याला वाटलं. फाइल बिघडली असेल. तो स्वस्थ बसून राहिला, आणि ती शांतता त्याला बरी वाटली, आणि तेवढ्यात आतून श्यामलाची हाक आली. "अहो, बंद करा हो ते. कान फाटतायत इकडं." त्यानं डोळे उघडले. कॉम्प्युटरच्या पडद्यावरची रेघ अजून चालत होती. निम्मी वाटही झाली नव्हती. त्यानं हात पुढं केला नाही. पदराला हात पुसत श्यामला दारात आली, एक कान तळव्यानं झाकलेला, त्याच्याकडे बघितलं, यंत्राकडे बघितलं, आणि तिनंच पुढं होऊन बटण दाबलं. तिच्या खांद्यांवरचा ताण उतरला. त्याच्यासाठी काहीच झालं नाही.

"तुला ठाऊक होतं?" त्यानं विचारलं. ती कॉटच्या कडेला टेकली. "ठाऊक असायला काय, रोज बघतेच आहे की. मोबाइल वाजतो, तुम्ही शेजारी बसलेले असता. म्हटलं कुकरची शिट्टी ऐकू येते, तेवढं पुरे." "मग सांगितलं का नाहीस?" "सांगितलं होतं एकदा," ती म्हणाली, "ह्याच स्पीकरचं. बारीक काहीतरी वाजतंय म्हणाले होते मी. तुमची मंडळी बसली होती ऐकायला. तुम्ही म्हणालात, हिला भांड्यांच्या आवाजापलीकडचं काही कळत नाही. सगळे हसले." तिनं हे तक्रार म्हणून सांगितलं नाही, भाजी आणायला कुठं गेले होते ते सांगावं तसं सांगितलं, आणि म्हणूनच प्रभंजनला मेल्याहून मेल्यासारखं झालं. त्याला ती बैठक आठवत नव्हती. त्याला त्या दिवशीचं गाणं आठवत होतं, राग आठवत होता, कुणी कुठं दाद दिली ते आठवत होतं. दारात ट्रे घेऊन उभी असलेली श्यामला आठवत नव्हती. "झाकली मूठ सव्वा लाखाची, म्हणून राहू दिलं," ती उठता उठता म्हणाली. "डॉक्टरांकडे जाऊ की कधीतरी. यंत्र मिळतं हल्ली, दिसतसुद्धा नाही." ती गेल्यावर त्याला आणखी एक गोष्ट उमगली, आणि ती त्याच्याच विषयातली होती म्हणून जास्त लागली. कुरकुर तपासायची तर काहीही न वाजवता तपासायची असते. तंबोऱ्याच्या जवारीत, त्या झणकारात, तर सगळ्या बारीक आवाजांची झाकपाक होऊन जाते. हा इतकी वर्षं घरोघरी तंबोरा लावून लोकांना डोळे मिटायला सांगत आला होता. अशा किती घरांत शिळा तशाच ठेवून तो कॉफी पिऊन उठला असेल, हे मोजायचं धाडस त्याला झालं नाही.

हेमावतीबाईंचा फोन आला तेव्हा तो बागेत पाणी घालत होता. आधी आभार झाले, मग खालच्या आवाजात मुद्दा आला. "सर, तुम्ही म्हणालात तसं थोडे दिवस बघितलं. तिची शीळ काही जात नाही. आता मुकुल म्हणतो, कानाच्या डॉक्टरांना दाखवू. पोरगी घाबरलीय हो. बाईंना सांगून आली, मी कार्यक्रमात गाणार नाही म्हणून. माझेच कान ठीक नाहीत तर सुराचं काय सांगावं, म्हणते. मला आपलं विचारायचं होतं, दाखवू ना डॉक्टरांना?" पाइपातलं पाणी एकाच आळ्यात पडत होतं, आळं भरून वाहत होतं. सांगायला एवढीशी गोष्ट होती. चार शब्द. "हो," प्रभंजन म्हणाला, "दाखवून घेतलेलं बरं असतं." फोन ठेवल्यावर त्याला स्वतःची जी किळस आली ती पहिल्या खोट्याची नव्हती. पहिलं खोटं तोंडातून निसटलं होतं. हे दुसरं त्यानं नीट विचार करून, पाइप हातात धरून सांगितलं होतं. एका तरुण मुलीचे चांगले कान त्यानं खराब ठरवले होते, आणि ते ठरवताना त्याच्या डोळ्यांसमोर फक्त एकच गोष्ट होती, गलगली सरांना ऐकू येत नाही असं हुबळीत कुणी म्हणू नये. त्या रात्री त्याला नीट झोप लागली नाही, आणि सकाळी श्यामलाला काही न सांगता तो पिशवी घेऊन बाहेर पडला.

पण माणूस निघतो एक ठरवून आणि बसमध्ये त्याचं दुसरंच होतं. नवलूर मागं पडेपर्यंत त्याच्याकडे कबुली होती. पुढं तिची युक्ती झाली. सांगायची गरजच काय? शीळ आहे तर ती कुठल्यातरी अडॅप्टरची असणार, चार्जरची, राउटरची. एकेक प्लग काढायचा आणि नेत्राच्या तोंडाकडे बघायचं. जिथं तिचं कपाळ सैल पडेल तिथं चोर. कान नसले म्हणून काय झालं, डोळे आहेत. शीळ जाईल, डॉक्टर टळेल, ती गाईल, आणि मूठ झाकलेलीच राहील. हेमावतीबाई "बर्री सर, बर्री" करत स्वागताला दारात आल्या तोवर त्यानं वाक्यही तयार ठेवलं होतं. "डॉक्टरांच्या आधी एकदा मीच परत बघतो म्हटलं." नेत्रा आतून आली, चेहरा ओढलेला, आणि सांगितल्याबरोबर अॅम्प्लिफायर चालू करून समोर उभी राहिली. त्यानं मोबाइलचा चार्जर काढला. तिच्या तोंडाकडे बघितलं. राउटरचा काढला. बघितलं. टीव्हीचा, डब्याचा. प्रत्येक वेळी मान वर करून तो त्या मुलीचं कपाळ वाचत होता, आणि ती त्याला वाचू देत होती, आणि कधीतरी मध्येच तिला ते कळलं. कळलं ते त्याला दिसलं. तिच्या डोळ्यांत आधी आश्चर्य आलं, मग ते विझलं आणि तिथं काहीतरी फार मऊ आलं. त्यानं इलेक्ट्रॉनिक तंबोऱ्याचा अडॅप्टर काढला आणि तिचं कपाळ सैल पडलं. "गेली सर," नेत्रा म्हणाली.

"बघ, मी म्हटलं नव्हतं?" हेमावतीबाई म्हणाल्या. "सरांनी काढलीच शेवटी. आता डॉक्टर नको न काही नको. थांबा सर, कॉफी आणते." प्रभंजन गुडघ्यांवर हात टेकून उठला. सगळं ठरल्याप्रमाणे झालं होतं. पण नेत्राचं ते तोंड त्यानं ओळखलं होतं. पंगतीत जिलेबीकडे वळणाऱ्या माणसाचं ते तोंड होतं, "आत या, चहा निवतोय" म्हणणाऱ्या श्यामलाचं होतं. शीळ गेली नव्हती. मुलीनं म्हाताऱ्याची लाज राखली होती. आता ती शिळेसकट गात बसेल, किंवा गायची नाही, पण ऐकू आलेलं पुन्हा कधी कुणाला सांगायची नाही. कॉफी नको म्हणून तो दारापर्यंत गेलासुद्धा. एक चप्पल पायात घातली. दुसरी समोरच होती, तरी तो ती शोधत राहिला. मग घातलेलीही काढून तो परत आत आला आणि हॉलच्या मध्यावर उभा राहिला.

"हेमावतीबाई, शीळ आहे," तो म्हणाला. "गेलेली नाही. नेत्रा माझ्यासाठी गेली म्हणाली. मला बारीक आवाज ऐकूच येत नाहीत, कित्येक वर्षं येत नसणार. त्या दिवशी मी कान रिकामा होतो न काय ते सांगितलं, ते मनचं सांगितलं. शास्त्र वगैरे काही नाही. तिचे कान चांगले आहेत. गेलेत ते माझे." एवढं बोलताना त्याचा आवाज वर्गातला राहिला नव्हता. नेत्रा जमिनीकडे बघत होती. हेमावतीबाई स्वयंपाकघराच्या दारात थांबल्या होत्या, हातात रिकामा लोटा. त्या हळूहळू आल्या आणि खुर्चीवर बसल्या. "सर," त्या भिंतीकडे तोंड करून म्हणाल्या, "मला तरी कुठं येतंय ऐकू. मुकुल रोज ओरडतो, टीव्ही केवढ्यानं लावतेस म्हणून. तुम्ही ऐकू येत नाही म्हणालात न, तेव्हा इतकं बरं वाटलं मला. म्हटलं, एवढ्या मोठ्या कानाच्या माणसाला येत नाही म्हणजे आपले शाबूत आहेत. पोरीचंच काहीतरी बिघडलंय." सुनेकडे बघून हे म्हणायचं त्यांना जमलं नाही, आणि सुनेनंही वर बघितलं नाही. रस्त्यावरून भाजीवाली ओरडत गेली, ती तेवढी तिघांनाही ऐकू आली.

नेत्रा खाली बसली, स्पीकरपासून हातभर, मांडी घालून, गायला बसावं तशी. "तुम्ही बंद करत चला सर," ती म्हणाली, "मी सांगते." तिचा आवाज कोरडा होता. मऊपणा गेला होता त्यातून, आणि प्रभंजनला ते बरं वाटलं. त्यानं पंखा बंद केला. "आहे." ट्यूबलाइट बंद केली. "आहे." फ्रिजचा प्लग काढला. "आहे." मग काढायला काही उरलं नाही. तो हॉलभर बघत राहिला आणि त्याची नजर कोपऱ्यातल्या देवघरावर गेली. तिथं गणपतीच्या मागं विजेची एक लहानशी लुकलुकती माळ अखंड जळत होती, तिची वायर स्पीकरच्याच बोर्डामागं गेलेली. आल्यापासून ती त्याच्या डोळ्यांसमोर होती, पण प्लग काढताना तिच्याकडे हात गेला नव्हता, जसा त्याच्या स्वतःच्या घरीही कधी गेला नसता. "ती एक राहिली," तो म्हणाला. "ती देवाची आहे," हेमावतीबाई म्हणाल्या. मग त्या उठल्या, पायांतल्या सपाता काढल्या, देवापुढं हात जोडले आणि बोर्डामागं हात घालून स्वतःच बटण दाबलं.

"गेली," नेत्रा म्हणाली.

ह्या खेपेला तिनं कुणाकडे बघितलं नाही. तिचे डोळे मिटलेले होते. प्रभंजन कान देऊन ऐकत राहिला. त्याच्या लेखी खोली मघाशी होती तशीच होती. देवघरापाशी हेमावतीबाईही मान कलती करून ऐकत होत्या. "खरंच गेली का ग?" त्यांनी विचारलं. "खरंच," नेत्रा म्हणाली, आणि दोघा म्हाताऱ्यांनी ते तिच्या शब्दावर मानून घेतलं.